काशीचा टाचघाशा

बसा. चपला काढायच्या तर काढा, पण माझ्या पाया पडू नका. मी टाचघाशा बोलतोय.

भाजलेल्या मातीचा, मुठीत मावणारा, बुडाला चरे पाडलेला ठोकळा, एवढाच मी. तुमच्या मोरीच्या कोपऱ्यात वज्री असते ना, ती माझी नात लागते. कितव्या पिढीची नात, ते मला सांगता यायचं नाही. मला शाळा नाही. जे काही कळलं ते लोकांच्या टाचांकडून कळलं.

सध्या माझा मुक्काम अमेरिकेत आहे. न्यू जर्सीत वेस्ट विंडसर म्हणून गाव आहे, तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, काचेच्या कपाटात. कपाटात पुन्हा मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या विटेत गच्च बसलेलो आहे. मला सगळे दिसतात, सगळ्यांना मी दिसतो, आणि हात कुणाचाच लागत नाही. असं कसं झालं ते सावकाश सांगतो. तुम्हाला घाई असेल, मला नाही.

माझा जन्म काशीचा. गंगेच्या काठी एक कुंभार होता. दिवसभर मडकी घडवून झाली की उरलेल्या मातीत तो माझ्यासारखे टाचघाशे करायचा. बुडाला काडीनं उभ्या-आडव्या रेघा ओढायच्या, वर धरायला मूठ करायची, की झालं. माझी मूठ करताना त्याचा अंगठा घसरला. मूठ एका अंगाला कलली आणि तिला मधोमध खळगा पडला.

बायको म्हणाली, "हे काय केलंत? वाकडं झालं की."

तो म्हणाला, "टाचेला काय दिसतंय?"

तो घसरलेला अंगठा ध्यानात ठेवा. त्याच्यापायी पुढे तीन घरांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं.

भाजून निघाल्यावर मी एका विहिरीच्या काठावर पडून असायचो. शेजारी वाटसरूंची धर्मशाळा होती. काशीला लोक तेव्हाही चालतच यायचे. कुणी जटा वाढवलेले, कुणी पिवळ्या वस्त्रातले, हातात भिक्षेचं पात्र घेतलेले, कुणी व्यापारी मुंगी दिसली की वळसा घालून जाणारे. येऊन पाय धुवायचे, मला उचलायचे, घासायचे, ठेवून द्यायचे. कोण कुठल्या देवाचा, ते मला कधी ओळखता आलं नाही. धंदा मात्र ओळखायचो. नावाड्याची टाच पाण्यानं पांढरी पडलेली. कोष्ट्याची, मागाची पावडी दाबून दाबून, एकाच पायाची झिजलेली. कुंभाराच्या भेगांत माती. आणि लांबून चालत आलेल्यांच्या टाचा, त्या सगळ्यांच्या सारख्याच. धूळ एकच, भेगा तशाच, आणि घासल्यावर तोंडातून "हाऽऽ" निघायचं तेही अगदी तसंच.

मी त्या "हाऽऽ"वर जगलो.

एके दिवशी एका म्हाताऱ्याच्या ओल्या हातातून निसटलो आणि सांडपाण्याच्या खड्ड्यात पडलो. वरून राख आली, खापरं आली, घरं पडली, पडलेल्या घरांवर नवी घरं झाली. गाव वर वर चढत गेलं, मी खाली राहिलो. वरून पावलं ऐकू यायची. देवळाची, विहाराची, मशिदीची, बाजाराची. किती राजे झाले ते मला विचारू नका. मी मोजत नव्हतो, ऐकत होतो.

मग एकदा उजेड पडला. सुतळ्या बांधून चौकोनी खड्डे खणणारी माणसं आली होती. एकानं मला उचललं, ब्रशनं पुसलं. मला वाटलं, आता हा बूट काढेल. त्यानं चष्मा वर केला आणि ओरडला, "सर, आणखी एक."

लांबून आवाज आला, "कितवा?"

"तीनशे अकरावा."

"लिहून घे आणि टाक ढिगात."

तंबूमागे खापरांचा ढीग होता, तिथे पडलो. दोन-चार पावसाळ्यांत घरंगळत नदीपर्यंत पोचलो. विद्येची माणसं मला टाकून देतात, हे मी तिथे शिकलो. उचलणारी माणसं कशी असतात ते अजून शिकायचं होतं.

दोन हजार तीन साली सुमंत आला. हा नागपूरचा, कॉम्प्युटरवाला, वेस्ट विंडसरला राहणारा. वडील गेले म्हणून अस्थी घेऊन काशीला आला होता. त्याच्या बायकोनं, उत्तरानं, फोनवर बजावलं होतं, "येताना गंगेची माती आण रे थोडी, नव्या घराची वास्तुशांत आहे." त्यानं वाकून ओंजळी-ओंजळींनी गाळ उचलला आणि स्टीलच्या डब्यात भरला. त्या गाळात मी.

अमेरिकेच्या विमानतळावर एका कुत्र्यानं सुमंतची बॅग हुंगली. अधिकाऱ्यानं ती उघडली, आईनं दिलेलं आंब्याचं लोणचं काढून घेतलं आणि अडीच किलो काशी मात्र आत जाऊ दिली.

वास्तुशांतीला गुरुजी म्हणाले, "ही माती आग्नेय कोपऱ्यात पुरायची." आग्नेयेला निघालं गॅरेज. गॅरेजला खाली सिमेंट.

सुमंत म्हणाला, "गुरुजी, इथे ड्रिल मारलं तर घराची वॉरंटी जाते."

गुरुजींनी डोळे मिटले, उघडले. "मग कुंडीत चालेल."

अशी माझी रवानगी तुळशीच्या कुंडीत झाली. पण गॅरेजमध्ये तुळस जगेना, म्हणून कुंडी दिवाणखान्याच्या खिडकीत आली. म्हणजे त्या घराचा आग्नेय कोपरा सध्या नैऋत्येला आहे. कुणाची काही तक्रार नाही.

कुंडीत दीडेक वर्ष गेलं. अमेरिकेत पावलं ऐकूच येत नाहीत. सगळीकडे कार्पेट. मी म्हटलं, आता झोपावं. तेवढ्यात, दोन हजार चारच्या ऑक्टोबरात, एक आवाज आला. तट्‌.

थोडं थांबून पुन्हा. तट्‌.

मी जागा झालो. टाचेच्या भेगेत धागा अडकून तुटला की असा आवाज होतो. किती शतकांनी ऐकला!

ही शरयू, सुमंतची आई. सहा महिन्यांसाठी लेकाकडे आली होती. नागपुरात घरापासून बर्डीच्या बाजारापर्यंत पायी जाऊन भाजी घेऊन येणारी बाई. इथे घरभर हीटरची कोरडी हवा, आणि टाचांना अशा भेगा पडल्या की पाऊल टेकवेना. विमानतळावर तिला व्हीलचेअरमधून आणलं होतं. त्याचा तिला फार राग होता. रोज फोनवर बहिणीला सांगायची, "सामानासारखं ढकलत आणलं गं मला. जाताना तशी नाही जायची मी. चालत जाईन."

पण चालता तर येत नव्हतं. भिंत धरून स्वयंपाकघरात जायची, आणि कुंडीजवळून जाताना तट्‌, तट्‌. मी मातीत बसून तळमळायचो. हातभर अंतरावर टाच, आणि मी तुळशीच्या मुळांत अडकलेला.

नोव्हेंबरात तुळस सुकली. उत्तरानं कुंडी बदलायला घेतली आणि मी बाहेर आलो.

"सुमंत! अरे, हे काय निघालं बघ!"

नळाखाली धरलं, चरे दिसले, वाकडी मूठ दिसली. शरयू खुर्चीवरून वाकून बघत होती. म्हणाली, "अगं, हे तर टाच घासायचं आहे. वज्री. दे इकडे."

ती असं म्हणाली आणि माझ्या बुडाचे चरे शहारले. सांगू नये, पण शहारले.

उत्तरानं मला छातीशी धरलं. "आई, प्लीज! गंगेतून आलंय ते."

"गंगेत लोक पायच धुतात, बाप्पा."

सुमंतनं फोटो काढला आणि मंडळाच्या सगळ्यांना ईमेल केला. आठ वर्षांच्या सावनीनं मला बघून "इट्स जस्ट अ रॉक, बाबा" म्हटलं, आणि तिला आत पाठवण्यात आलं.

रविवारी मंडळाचे अध्यक्ष आले. डॉक्टर मोरेश्वर काका. पस्तीस वर्षं अमेरिकेत, कातडीचे डॉक्टर, आता रिटायर. शरयूच्या टाचांवर त्यांचाच इलाज चालू होता. तीन ट्यूब संपल्या होत्या. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, चष्मा लावला आणि माझी वाकडी मूठ बघून हात जोडले. "स्वयंभू शिवलिंग. काशीचं. आणि आपल्या घरी चालत आलं!"

"चालत नाही, डॉक्टर," शरयू म्हणाली. "चालणाऱ्यांसाठी आलं. टाच घासायचं आहे ते."

"शरयूताई, श्रद्धेचा प्रश्न आहे."

सुमंतचे दोन मित्र तिथेच होते. अतुल सांगलीचा, जैन. तो पुढे वाकला. "एक मिनिट, काका. पार्श्वनाथांचा जन्म काशीचा. हा वरचा भाग बघा. त्यांच्या डोक्यावरचा नागाचा फणा आहे सरळ सरळ."

संजय नागपूरचाच, बौद्ध. त्यानं मला हळूच फिरवलं. "यार, फणा कुठं? हा स्तूप आहे. सारनाथ तिथून किती दूर? नागपूरहून आपलं हिंगणा जितकं."

मी ओरडून सांगत होतो, अंगठा! अरे बाबांनो, अंगठा घसरला होता! पण माझा आवाज माणसांना कुठे ऐकू येतो?

हे तिघे मित्र रोज एकाच गाडीनं प्रिन्स्टन जंक्शनला जायचे आणि तिथून न्यूयॉर्कची ट्रेन पकडायचे. माझ्यावरून ते एकमेकांशी बोलेनासे झाले. पण स्टेशनच्या पार्किंगचं परमिट तिघांत मिळून एकच, आणि नव्या परमिटला कित्येक वर्षांचं वेटिंग. मग काय करतील? रोज सकाळी तिघे एकाच गाडीत बसायचे आणि तीन दिशांना तोंडं करून जायचे.

शेवटी डॉक्टरांनी वेळापत्रक लावलं. एक आठवडा सुमंतकडे, एक अतुलकडे, एक संजयकडे. नेताना घरंगळू नये म्हणून मला सावनीच्या जुन्या कारसीटमध्ये बसवून पट्टा बांधायचे. लाल दिव्याला गाडी थांबली की शेजारच्या गाडीतली माणसं बघायची. मीही बघायचो. करणार काय?

सुमंतकडे दुधाचा अभिषेक व्हायचा. अतुलकडे केशराचं पाणी, फार मऊ हातानं. संजयकडे मेणबत्ती लावून सगळे शांत बसायचे. तिथे मला जरा झोप लागायची. तिन्ही घरची माणसं चांगली, मायेची. पण सुमंतकडचे लोक अभिषेकाचं दूध तीर्थ म्हणून प्यायचे, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्या चऱ्यांतून काय काय गेलंय ते मला ठाऊक. आणि दर्शनाला येणारा प्रत्येकजण बूट काढायचा, मोजे काढायचा, आणि मग माझ्यावर टेकवायचा काय, तर कपाळ!

तुम्हीच विचार करा. न्यू जर्सीचा हिवाळा. चाळीस-चाळीस माणसं अनवाणी रांगेत उभी. ऐंशी टाचा, सगळ्या फुटलेल्या. आणि माझ्या वाट्याला कपाळं. गुळगुळीत, क्रीम लावलेली कपाळं. घासायला एकावरही काही नाही.

जानेवारीत डॉक्टरांनी जवळच्या एका कॉलेजातल्या मॅडमना मंडळाच्या हॉलमध्ये बोलावलं. पांढऱ्या केसांच्या, तरुणपणी गंगेच्या खोऱ्यात खणत हिंडलेल्या. त्यांनी मला हातात घेतलं, अंगठा अलगद खळग्यात बसवला आणि हसल्या. त्या ओल्या हाताच्या म्हाताऱ्यानंतर तिथे अंगठा ठेवणारं पहिलं माणूस. मग त्यांनी आपला पाय जरा उचलला आणि मला टाचेजवळ हवेतच मागेपुढे फिरवून दाखवलं. हॉलभर सगळ्यांनी श्वास रोखला.

मागून शरयू म्हणाली, "हेच मी सांगून राहिली ना!"

डॉक्टर घाईनं म्हणाले, "पण मॅडम, धार्मिक उपयोग असेलच ना काहीतरी?"

मॅडमना कुणाचं मन मोडवेना. म्हणाल्या, काशीत स्नान हेच पुण्याचं काम, तेव्हा त्या अर्थानं तसं म्हणता येईल. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी दीड पान लिहून दिलं. त्यातलं ते एक वाक्य मंडळानं फ्रेम करून लावलं. बाकीचं दीड पान कुठे आहे, कुणी सांगत नाही.

मग कपाळं टेकून टेकून माझी कड झिजते आहे असं कुणाच्या तरी लक्षात आलं. अतुलच्या कंपनीत यंत्राचे नमुने पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये ओतून कायमचे जपतात. तो म्हणाला, "असंच करू या. म्हणजे हात कुणाचाच लागणार नाही." कुणाचाच नाही, हे ऐकल्यावर तिघांचं पहिल्यांदा एकमत झालं. मार्चातला रविवार ठरला. त्या आठवड्यात मी सुमंतकडे होतो. शरयूचं परतीचं विमान त्यानंतरच्या मंगळवारचं. व्हीलचेअर बुक झालेली.

म्हणजे तिच्याजवळ तीन दिवस होते आणि माझ्याजवळ एक. रविवारनंतर टाच नाही. कधीच नाही.

शनिवारी दुपारी घरची सगळी कार्यक्रमाचं सामान आणायला बाहेर पडली. दार लागलं. कार्पेटवर तट्‌, तट्‌ असं जवळ आलं.

"ये रे बाबा," शरयू म्हणाली. "तू मोठा देव असशील तर रागावू नको. आणि नसशील तर मग तुझं कामच आहे हे."

न्हाणीघरात ती टबाच्या काठावर बसली. बादलीत गरम पाणी, मूठभर मीठ. पाय भिजत ठेवून तिनं बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. घाई केली नाही. मग उजवी टाच मांडीवर घेतली आणि मला लावलं.

काय सांगू! पहिला चरा लागला आणि मला काशी आठवली. ती विहीर, धर्मशाळा, तो ओल्या हाताचा म्हातारा. खर्र, खर्र, पांढरी भुकटी पडायला लागली. सहा महिन्यांची न्यू जर्सी निघाली, मग तिच्याखालचं नागपूर निघालं, नवऱ्याच्या आजारपणात दवाखान्यात केलेल्या खेपा निघाल्या. थर कसे ओळखायचे ते मला कुणी शिकवायला नको. आणि मग शरयूच्या तोंडून आलं, "हाऽऽ."

तेवढ्यात दारातून हाक आली. "सुमंत? आहे का कुणी? माप घ्यायला आलोय साच्यासाठी!" दार नुसतं लोटलेलं होतं. डॉक्टर रिकाम्या देव्हाऱ्यापाशी थबकले, आणि पाण्याच्या आवाजानं न्हाणीघराच्या दारात आले.

"शरयूताई! हे काय करताय तुम्ही?"

"टाच घासून राहिली. एक झाली. थांबा जरा, दुसरी व्हायची आहे."

"अहो, उद्या त्याची प्रतिष्ठापना आहे!"

"उद्या ना? मग आज मोकळा आहे तो."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. काहीतरी बोलणार होते, पण नजर गेली तिच्या उजव्या टाचेकडे. पस्तीस वर्षांची सवय. चष्मा वर केला, गुडघ्यावर बसले, बोटानं टाच दाबून पाहिली. "दुखतंय?"

"नाही."

"मी तीन ट्यूब दिल्या होत्या."

"चौथी खिडकीत आहे. न उघडलेली. घेऊन जा परत."

डॉक्टर कमोडच्या झाकणावर बसले. शरयूनं दुसरी टाच घासली, पाणी बदललं. डॉक्टरांनी हळूच डावा बूट काढला. मग मोजा.

"मला पण..." ते म्हणाले.

शरयूनं मला त्यांच्या हातात दिलं. "तुमचं तुम्ही घासा, डॉक्टर. मी चहा टाकते." आणि ती गेली. भिंत न धरता. मी कान देऊन होतो. कार्पेटवर एकही तट्‌ नाही.

डॉक्टरांची टाच मोज्यात पस्तीस वर्षं कोंडलेली होती. जगातल्या सगळ्यांना क्रीम लावायला सांगून स्वतःचा पाय न बघितलेला माणूस. डोळे मिटून घासत राहिले. शेवटी "हाऽऽ" म्हणाले, आणि लगेच दाराकडे बघितलं.

चहा पिताना म्हणाले, "शरयूताई, हे कुणाला सांगू नका."

"मी कुणाला सांगणार? सहा महिने सांगूनच राहिली आहे. ऐकलं का कुणी?"

मला वाटलं, आता हा माणूस उद्याचं थांबवेल. रविवारी अतुलच्या गॅरेजमध्ये सगळे जमले. मला साच्यात ठेवलं. पहिली धार अध्यक्षांच्या हातून. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, आपल्या बुटांकडे बघितलं. पातळ प्लॅस्टिकनं भरलेलं भांडं उचललं. समोर चाळीस माणसं हात जोडून उभी होती. त्यांनी डोळे मिटले आणि ओतलं.

मी रागावलो नाही. चाळीस माणसांसमोर मोजा काढणं अवघड असतं.

मंगळवारी विमानतळावर व्हीलचेअर आली. शरयूनं तिच्यात आपली पिशवी ठेवली आणि ढकलणाऱ्या माणसाच्या पुढे पुढे चालत गेली. तो "मॅम, मॅम" करत मागे धावत होता. सुमंतनं हे हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलं. लोक म्हणाले, बघा, देवाची कृपा. कपाटाशेजारी उभे असलेले डॉक्टर हसले आणि पाय बदलून उभे राहिले.

आता दोन हजार आठ चालू आहे. त्या शनिवारी डॉक्टरांनी मला टॉवेलनं पुसलं होतं, पण चऱ्यांत थोडी पांढरी भुकटी राहिलीच. प्लॅस्टिकमध्ये ती अगदी स्पष्ट दिसते. सुमंत म्हणतो, विभूती प्रकटली. अतुल म्हणतो, चंदन. संजय म्हणतो, स्तूपात जपतात त्या जुन्या अस्थिधातूची राख असावी. आता तिघे पुन्हा गाडीत बोलतात, आपलंच खरं आहे हे समजून. डॉक्टरांना कुणी विचारलं तर ते म्हणतात, "तपासायची गरज नाही." गेल्या वर्षी नागपूरहून येणाऱ्या कुणाबरोबर शरयूनं त्यांच्या नावाचं एक पुडकं पाठवलं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. लोकांना वाटलं चटणी असेल. इतवारी बाजारातली वज्री होती. म्हणजे माझी नात आता डॉक्टरांच्या न्हाणीघरात असते. सुखात आहे, असं त्यांच्या चालण्यावरून वाटतं.

मी आपला इथे बसून आहे. बसायची मला सवय आहे. गावं वर चढतात, मी खाली जातो. हेही गाव कधीतरी मातीखाली जाईल, हॉल जाईल, कपाट जाईल, कार्पेट जाईल. मग कुणीतरी सुतळ्या बांधून खणत येईल आणि ही वीट त्याच्या हाती लागेल. त्या माणसाला माझं एवढंच सांगणं आहे.

बाबा रे, मी कितवा ते नंतर लिही. आधी हे प्लॅस्टिक फोड. चऱ्यांतली पांढरी भुकटी पुसू नकोस. ती नागपूरच्या एका बाईची आहे आणि थोडी एका डॉक्टरची. आणि मग, दिवसभर उन्हात उकिडवा बसून दमला असशील, तर बूट काढ. टाच इकडे कर.